तिथलला काहीच सापडत नाही? आधी शिसं शोधा

आपण वडोदऱ्याचे लोक, आपल्याला समुद्र नाही. मेटल डिटेक्टरचं मशीन घेऊन समुद्रावर जायचं म्हणजे तिथल, आणि तिथल म्हणजे वलसाडपर्यंत गाडीने सुमारे २०० किलोमीटर, पुढे रिक्षाने अजून पाच-सहा. जाणं-येणं, नाश्ता, अख्खा रविवार, आणि घरी आल्यावर दोन रुपयांची तीन नाणी, बाटलीची आठ बुचं आणि एक गंजका खिळा. माझ्या पहिल्या पाच फेऱ्या अशाच गेल्या. सहावीपासून हळूहळू बदललं, आणि ते मशीन बदलल्यामुळे नाही, वाळू वाचायला लागलो म्हणून. दांडिया बाजारात आमच्या ओळखीच्या दोन-तीन पोरांनी ह्या वर्षी डिटेक्टर घेतलाय आणि दोन फेऱ्यांत कंटाळून माळ्यावर टाकायच्या तयारीत आहेत, मुख्य म्हणजे त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहितोय.

एक हिशोब आधी करून घ्या, कारण तो डोक्यात बसला की बाकीचं आपोआप कळतं. ११ इंची कॉइल (मशीनच्या खालच्या टोकाची, वाळूवरून फिरवायची तबकडी), म्हणजे साधारण २८ सेंटीमीटर. नीट काम करायचं तर प्रत्येक झोक्यानंतर १०-१२ सेंटीमीटरच पुढे सरकायचं, म्हणजे आधीची पट्टी अर्धी परत झाकली जाते. एका झोक्यात रुंदी मिळते सव्वा मीटर, वेळ लागतो अडीच सेकंद. असं तासभर न थांबता केलंत तरी अदमासे १७०-२०० चौरस मीटरच होतात, म्हणजे १३-१४ मीटर बाय १३-१४ मीटरचा तुकडा, एखाद्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटएवढा. आणि समोर किनारा पसरलाय किलोमीटरभर. मधे खणायला थांबणार ते वेगळंच. म्हणजे सगळा खेळ कुठल्या तुकड्यावर तो तास घालवायचा ह्याचा आहे, मशीन दहा हजारांचं की लाखाचं ते नंतर.

कमी का सापडतं ते आधी समजून घ्या

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून किनाऱ्यावर घालतात. म्हणजे मे महिन्यात, सुट्टीची सगळी गर्दी होऊन गेल्यावर, आपल्याला वाटतं आता भरपूर माल असेल, पण तेव्हाच वर सगळ्यात जाड गादी बसलेली असते, पडलेली वस्तू एक-दोन भरतीत खाली जाते आणि मशीनच्या टप्प्याबाहेर. नाण्याएवढी वस्तू मला ओल्या वाळूत २०-२२ सेंटीमीटरपर्यंत मिळते, कानातली कुडी पाच-सात सेंटीमीटर, त्याखाली काहीही असो, ते नसल्यासारखंच.

दुसरं कारण आपली नाणी. एक रुपयाचं नाणं १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचं आहे, दोनचंही आता स्टीलचंच, चुंबकाला चिकटणारं. घरी फ्रिजचं मॅग्नेट लावून बघा. त्यामुळे मशीनमध्ये लोखंड बंद करून ठेवलं की ही नाणीही बऱ्याचदा गप्प होतात. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून आपण सेटिंग करतो, तिकडे नाणी तांब्या-निकेलची, तिकडचे आकडे (मशीन प्रत्येक धातूला पडद्यावर एक आकडा दाखवतं) इकडे लागत नाहीत. पाचचं पितळी रंगाचं नाणं, २००९ नंतरचं निकेल ब्रासचं, ते मात्र छान वाजतं. जुनी अॅल्युमिनियमची नाणी, १० पैशाचं करंजीसारख्या कातरलेल्या कडांचं आणि २० पैशाचं षटकोनी, खाऱ्या पाण्यात पोखरून जातात, पण मिळतात.

तिसरं, तिथलची काळी वाळू. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट दगड झिजून नद्यांमधून आलेले लोहयुक्त जड कण आहेत ते. एक चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूत फिरवा, पिशवीला मिशा फुटतात बघा. सुरतजवळच्या डुमसलाही तेच. त्यात मीठाचं पाणी मिसळलं की एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन ओल्या पट्ट्यात सतत कुरकुर करतं, आणि माणूस वैतागून वर कोरड्या वाळूत जातो जिथे फक्त कचरा असतो. बरेच जण इथेच हरतात.

तारीख तिथी बघून ठरवा, रविवार बघून नाही

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भारतात सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, भावनगरकडे उधाणाला १० मीटरपर्यंत जातो. तिथल आखाताच्या तोंडाशी दक्षिणेला आहे, तिथे इतका नाही पण मुंबईपेक्षा जास्तच. म्हणजे ओहोटीला पाणी खूप लांब जातं, आणि जो पट्टा एरवी कमरेएवढ्या पाण्यात असतो तो दोन तास उघडा पडतो. लोक वस्तू हरवतात तेही ह्याच पट्ट्यात, पोरांना उचलताना, लाट आली की किंचाळत एकमेकांना धरताना, थंड पाण्याने बोटं आकसली की अंगठी सुटते ती तिथेच.

अमावस्या आणि पौर्णिमा, आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस, ह्याला उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी ना नीट चढत ना नीट उतरत. भांगाच्या दिवशी मी वडोदरा सोडतच नाही. कोकणातले लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, असं. तो ठोकताळा मुंबई-कोकणाचा, आखाताकडे वर सरकलं की वेळ पुढे जाते, म्हणून आपण जवळच्या बंदराचं टाइड टेबल (भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता) मोबाइलवर बघायचंच. पण अंदाज म्हणून चांगलं आहे, आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत मोठी भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास आणि खोल ओहोटी सकाळी-संध्याकाळी पडते, म्हणजे रात्रीच्या गाडीने जाऊन पहाटे किनाऱ्यावर उभं राहता येतं. भरती ते ओहोटी सव्वासहा तास. ओहोटीच्या टोकाच्या दोन तास आधी पोचा आणि पाण्याच्या मागे मागे खाली उतरा.

आणि टोकाची वेळ झाली की मोबाइलचा अलार्म वाजला पाहिजे आणि तुम्ही वर वळलं पाहिजे. सपाट किनाऱ्यावर पाणी येतं ते समोरून येताना दिसत नाही, आधी मागचे सखल चर भरतात आणि तुम्ही मधल्या उंचवट्यावर एकटे राहता. हेडफोन कानात, मान खाली, लक्ष वाळूत. म्हणून एकट्याने जाऊ नका, एकाने मशीन धरायचं, दुसऱ्याने पाणी बघायचं. जवळ पडतं म्हणून कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाकडे मशीन घेऊन जायचा विचार कोणी करत असेल तर नको. भरतीला देऊळच पाण्याखाली जातं, चिखल पाय ओढून घेतो, आणि ते दर्शनाचं ठिकाण आहे. दर्शनाला जा.

महिना विचाराल तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर सगळ्यात चांगला. पावसाळ्याने वाळू ओढून नेलेली असते, वरची गादी पातळ, आणि परत भरायला सुरुवात झालेली नसते. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी होते त्याच्या आधीची उधाणं धरा. भर पावसाळ्यात खवळलेल्या पाण्याजवळ अजिबात नको.

घरून निघायच्या आधी

बांधकामावरची दोन पाट्या वाळू आणून एका प्लास्टिकच्या टबात भरा, लोखंडी घमेल्यात नको. त्यात घरातल्याच वस्तू पुरून ऐका. पाचचं नाणं, रुपया, २० पैसे, आईचं किंवा बायकोचं चांदीचं जोडवं, पैंजणाचा तुटलेला तुकडा, सोन्याची अंगठी (विचारून घ्या आणि दोरा बांधून पुरा), गोळ्यांच्या पाकिटाची चांदी (म्हणजे तो चकचकीत अॅल्युमिनियमचा कागद), सोड्याच्या बाटलीचं बूच. मग मीठाचं पाणी ओतून परत ऐका. प्रत्येकाचा आवाज आणि आकडा वहीत. हे दोन संध्याकाळचं काम आहे आणि ह्याने जितकं शिकायला मिळतं तितकं दहा फेऱ्यांत मिळत नाही.

ह्यात एक गोष्ट लगेच कळेल, की बारीक सोनं आणि गोळ्यांच्या पाकिटाची चांदी जवळजवळ एकाच आकड्यावर येतात. सोन्याची साखळी तर अजून फसवी, मशीनला ती अखंड दिसत नाही, एक-एक कडी दिसते, म्हणून दहा ग्रॅमची साखळी पातळ तुकड्यासारखी पुटपुटते आणि दोन ग्रॅमची बंद अंगठी खणखणीत वाजते. मंगळसूत्र हरवलं असेल तर पोतीचा आवाज शोधू नका, वाट्यांचा शोधा. म्हणजे 'कचरा नको' म्हणून तो आकडा बंद केला की सोनंही बंद. हे एकदा कानाने ऐकलं की माणूस डिस्क्रिमिनेशनच्या, म्हणजे नको ते धातू गप्प करायच्या, बटणाला हात लावायचं सोडतो.

मशीनबद्दल थोडक्यात. साधं एका फ्रिक्वेन्सीचं असेल तर कोरडी आणि दमट वाळू चालेल, लाटेच्या पट्ट्यात त्रास. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं, जसं २०१८ मध्ये आलेलं माइनलॅब इक्विनॉक्स ८०० किंवा नोक्टा लेजंड, मीठ आणि काळी वाळू दोन्ही बऱ्यापैकी सांभाळतं. पल्स इंडक्शन मशीन काळ्या वाळूत खोल जातं पण लोखंड-सोनं फरक सांगत नाही, सगळं खणावं लागतं. पहिलं मशीन घेणाऱ्याने पल्स घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, खिळे खणून खणून खांदा जातो आणि छंद सुटतो.

वाळू उपसायला भोकाभोकांचा खोलगट स्कूप लागतो. बाहेरून मागवला तर महाग, मी मकरपुरा जीआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेसच्या पत्र्याचा करून घेतला, भोकं आठ मिलिमीटर सांगा, दहा नको, दहातून बारीक वस्तू जास्त निसटतात. सोबत कमरेला दोन कप्प्यांची पिशवी, एक कचऱ्याला एक बाकीला, पाणी, टोपी, जाड तळाच्या चपला, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते आठवा.

किनाऱ्यावर पोचल्यावर मशीन लगेच चालू करू नका

पहिली पंधरा मिनिटं नुसतं चाला. वरच्या कट्ट्यावरून खाली पाण्यापर्यंत आणि पाण्याच्या कडेने दोनशे-तीनशे पावलं. आजूबाजूचा किनारा कुठे उतरता, कुठे सपाट. कुठे पाणी साचून राहिलेला लांबट चर आहे. कुठे लाटेने वाळूला पायरीसारखा कडा कापलाय, गुडघ्याएवढा असो की वीतभर, त्या कड्याच्या खालची बाजू म्हणजे तुमच्यासाठी कोणीतरी आधीच अर्धा मीटर खणून ठेवलंय. कुठे शंख-शिंपले, खडे, विटांचे तुकडे एका पट्टीत गोळा झालेत. टाच जोरात दाबून बघा, घोट्यापर्यंत जाते तिथे वाळू नुकतीच भरलीय, सोडून द्या. टाच ठक्क करून थांबते तिथे खालचा कडक थर जवळ आहे, जड वस्तू त्यावरच येऊन बसतात.

आता मूळ मुद्दा. वाळूचा कण पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, अॅल्युमिनियम २.७ पट, म्हणजे अॅल्युमिनियम वाळूबरोबरच वाहतं, वाळू जिथे तिथे ते. लोखंड आठच्या आत, चांदी १०.५, शिसं ११.३, आणि शुद्ध सोनं १९.३. समुद्र हे सगळं चाळणीसारखं वेगळं करतो, हलकं एकीकडे, जड एकीकडे. आणि आपल्या किनाऱ्यावर सोनं सापडणं दुर्मीळ असलं तरी शिसं दुर्मीळ नाही, कारण मच्छीमारांच्या जाळ्याला आणि गळाला शिशाचे मणी-गोळे असतात, ते तुटून पडतच असतात. म्हणून सोनं कुठे आहे हे आपल्याला विचारता येत नाही, पण शिसं कुठे आहे हे विचारता येतं, आणि जिथे समुद्राने शिसं आणून टाकलं तिथेच त्याने अंगठीही टाकली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

हे मला पुस्तकातून नाही, तिथलच्या एका म्हाताऱ्या माछी भाईंकडून कळलं. मी तासभर वरच्या वाळूत, भुट्ट्याच्या गाड्यांसमोर, पत्र्याचे तुकडे काढत होतो. ते जाळं दुरुस्त करत बसले होते, त्यांनी विचारलं काय शोधतोस, मी सांगितलं, ते म्हणाले, "अमासनी ओटमां आवो, अने ज्यां सीसुं मळे त्यां जोजो." अमावस्येच्या ओहोटीत या, आणि शिसं मिळेल तिथे बघा. ते स्वतः वर्षानुवर्षं आपले हरवलेले मणी एका ठराविक चरात जाऊन हाताने वेचतात. मी पुढच्या अमावस्येला त्या चरात गेलो. दोन तासांत अकरा शिशाचे मणी, पाचची सहा नाणी, चांदीची दोन जोडवी आणि नाकातली एक बारीक सोन्याची चमकी. पाच फेऱ्यांत मिळून जेवढं नव्हतं तेवढं.

म्हणून पद्धत अशी. मशीन ओल्या वाळूवर धरून ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे नुसत्या वाळूला ते गप्प राहील असं जुळवा, बीच मोड असेल तर तो लावा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचे कान किती तिखट ते, पूर्ण वर नेऊ नका, उलट कुरकुर थांबेपर्यंत खाली आणा. काळ्या वाळूत जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे जास्त खोली नाही, फक्त जास्त गोंगाट. फार काळा पट्टा असेल तर कॉइल दोन बोटं वर उचलून फिरवा, दोन सेंटीमीटर जातात पण मशीन शांत होतं. कोरड्यातून ओल्यात गेलात की परत बॅलन्स. लोखंडाचा आवाज बंद करू नका, हळू ठेवा.

मग वरून खाली, पाण्याकडे सरळ रेषेत, एका पावलाला एक झोका असं भरभर चाला. इथे सगळं झाकायचं नाहीये, चाचपायचंय. पाण्यापर्यंत पोचलात की दहा पावलं बाजूला आणि परत वर. अशा चार-पाच उभ्या रेषा. लागेल ते प्रत्येक खणा आणि काय निघालं ते लक्षात ठेवा, किंवा सरळ वाळूत काठी रोवत जा. बुचं, पाकिटाची चांदी, कॅनचे तुकडे, असा हलका माल निघत असेल तर ती पट्टी हलकी, पुढे चला. खिळे आणि तारा असतील तर बहुतेक विसर्जनाची जागा, मूर्तीच्या सांगाड्यातलं लोखंड, तिथे मोठ्या कॉइलला काही सुचत नाही, सहा इंची असेल तरच थांबा. शिशाचा मणी निघाला की थांबा. एक मणी म्हणजे योगायोग असू शकतो, आसपास पाच पावलांत दुसरा मणी किंवा पाचचं नाणं निघालं की तो तुमचा तुकडा.

त्या तुकड्याभोवती टाचेने चौकोन आखा, दहा बाय दहा मीटर, आणि आता मात्र सगळी घाई सोडा. आधी किनाऱ्याला समांतर पट्ट्या, मग त्याच जागेवर काटकोनात आडव्या. वाळूत कडेवर उभी राहिलेली अंगठी एका दिशेने गप्प आणि दुसऱ्या दिशेने बोलते, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. कॉइल झोक्याच्या टोकाला वर उचलली जाते ती सवय मोडा, जमिनीला घासून सपाट. आणि माल बहुतेक वेळा पट्टीत पडलेला असतो, किनाऱ्याला समांतर किंवा थोडा तिरका, म्हणून दोन-तीन जड वस्तू मिळाल्या की त्या जोडणारी रेघ बघा आणि चौकोन त्या दिशेने लांबवा.

वीस मिनिटं नीट काम करून काहीच जड निघालं नाही तर चौकोन सोडा, परत उभ्या रेषा. जागेवर जीव जडतो, 'इथेच असणार' असं वाटत राहतं, पण ओहोटी दोनच तास आहे.

आवाज आणि खणणं

बुचं ही मोठी डोकेदुखी, गुजरातेत सोड्या-कोल्ड्रिंकचीच, पण दमणला देवका-जंपोरला गेलात तर तिथे दारूबंदी नाही त्यामुळे दहापट. बूच लोखंडाचं असून चांगल्या धातूसारखं वाजतं. ओळखायची खूण, कॉइलच्या मधून न फिरवता फक्त पुढच्या काठाने त्यावरून न्या, आवाज फाटतो आणि आकडा लोखंडाकडे पळतो, आणि कॉइल वर उचलली की आवाज झटकन मरतो. नाणं-अंगठी दोन्हीकडून, नव्वद अंशात फिरून घेतलं तरी, एकाच आकड्यावर गोल वाजते. तरीही ओल्या पट्ट्यात, शिसं निघणाऱ्या चौकोनात, मी फाटका आवाजही खणतो. चांगलं कमी असताना निवड करणं परवडत नाही.

सिग्नलच्या मागे, पायाकडून स्कूप घाला, बरोबर डोक्यावर नाही, नाहीतर पत्र्याने अंगठीवर ओरखडा जातो. एक स्कूप काढला की आधी खड्ड्यावर कॉइल फिरवा, आवाज गेला म्हणजे वस्तू स्कूपमध्ये, मग चाळा. लाटेत असाल तर ढिगारा पाण्याच्या वरच्या बाजूला टाका, म्हणजे लाटेने परत आत घसरणार नाही. खड्डा भरायचाच, मागून घोडेवाला येतो, पोरं पळतात. निघालेला कचरा तिथे परत टाकायचा नाही, एक तर पुढच्या वेळी तोच खणाल, दुसरं म्हणजे अनवाणी पाय आपल्याच लोकांचे आहेत. आणि गोल, नळीसारखी, जड, न ओळखता येणारी लोखंडी वस्तू निघाली तर स्कूप ठेवा, लांब व्हा आणि पोलिसांना सांगा.

काही ठिकाणी मी मशीन काढतच नाही. अस्थिविसर्जनाची जागा, चांदोदचा नर्मदाघाट, देवळासमोर लोक श्रद्धेने नाणी सोडतात ती जागा. तिथे काय मिळेल हे मला माहीत आहे, आणि ते कोणाच्या तरी आईचं-वडिलांचं आहे.

सापडलं तर काय करायचं

हे नीट वाचा. वाळूवर किंवा वाळूत अलीकडे हरवलेली अंगठी ही कोणाचीतरी मालमत्ता आहे. मालक शोधायचा साधा प्रयत्न न करता ती खिशात घालणं हा गुन्हा ठरू शकतो, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४०३ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१४. आतल्या बाजूला नाव, तारीख, सोनाराचा शिक्का बघा, कट्ट्यावरच्या गाडीवाल्यांना सांगून ठेवा, स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी देऊन पोच घ्या. जमिनीत दडलेली, पुरलेली मौल्यवान वस्तू असेल तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा, त्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असलं की कलेक्टरांना लेखी कळवावं लागतं, काय, कुठे, कधी सापडलं ते सगळं, आणि न कळवल्यास शिक्षेची तरतूद आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. तेव्हा गायकवाडी तांब्याचा पैसा निघाला, आणि नवसारीकडचा बराच मुलूख बडोदा संस्थानचाच होता तेव्हा निघू शकतो, तर मनात गुदगुल्या झाल्या तरी लिंबू-मिठाने घासायचा नाही, विकायचा नाही, कळवायचं. संरक्षित स्मारकाच्या आवारात मशीन नेऊच नका. आणि किनाऱ्यावर सुरू करायच्या आधी ग्रामपंचायतीत किंवा पोलिसांत जाऊन सांगितलेलं बरं, मी दर वेळी सांगतो, त्यांनी अडवलं तर परत फिरायचं.

ह्याची दुसरी बाजू फार छान आहे. चांगला माल कमी असला तरी हरवलेलं शोधून देण्याचं काम कमी नाही. मागच्या हिवाळ्यात आपल्याच वाडी भागातल्या एका ताईंची साखरपुड्याची अंगठी तिथलला गेली, ओळखीतून फोन आला. जायच्या आधी मी तीन गोष्टी विचारल्या. नेमकी वेळ काय, पाणी शरीरावर कुठपर्यंत होतं, आणि त्या वेळचा एखादा फोटो आहे का. फोटोत मागे साईबाबांचं देऊळ आणि विजेचा एक खांब दिसत होता, त्यावरून किनाऱ्यावरची रेघ मिळाली. वेळ होती दुपारी साडेचार, टाइड टेबलवरून तेव्हा पाणी किती उतरलेलं ते मिळालं, म्हणजे पाण्याची रेघ मिळाली. पाणी मांडीपर्यंत, म्हणजे अजून थोडं खाली. दोन रेघा जिथे छेदतात तिथे चौकोन. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीत पाऊण तासात निघाली, अंदाजापासून चार पावलांवर, वीतभर खोल. ताई फोनवर बोलूच शकल्या नाहीत, त्यांच्या सासूबाई बोलल्या. म्हणून हरवल्यावर चोवीस तासांत गेलात तर आशा मोठी, आठवड्याने गेलात तर परत शिशाचाच माग काढावा लागतो.

परत येताना

वही लगेच, गाडीत बसल्या बसल्या भरा. तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, वारा कुठून, चर कुठल्या खुणेसमोर होता, आणि मोजून, शिशाचे मणी किती, नाणी किती, बुचं किती. पैसे किती मिळाले ते लिहिलंत नाही तरी चालेल, मणी-बुचांचं प्रमाण लिहा. रिकाम्या फेरीचं पान तर नक्की लिहा, कुठे नाही हेही पुढच्या वेळी दोन तास वाचवतं. माझ्या वहीत आता दोन वर्षांची पानं आहेत आणि त्यावरून दिसतं की तो चर पावसाळ्यानंतर तीस-चाळीस पावलं सरकतो पण येतो त्याच बाजूला.

घरी आल्यावर मशीनची कॉइल आणि दांडा गोड्या पाण्याने धुवा, कॉइलचं कव्हर काढून आतली काळी वाळू झटका, ती राहिली तर मशीन पुढच्या वेळी विनाकारण कुरकुरतं. कंट्रोल बॉक्स पाण्यात चालणारा नसेल तर नुसतं ओलं फडकं. स्कूपही धुवा, स्टेनलेसलाही मीठ सोडत नाही. चांदीची जोडवी-पैंजण पाण्यात भिजत ठेवा, घासू नका.

शिसं हाताळलं की साबणाने हात धुवायचे, ते विषारी असतं, पोरांच्या हातात द्यायचं नाही आणि वाळूत परत टाकायचं नाही. मी एका बरणीत साठवतो, आणि पुढच्या अमावस्येला तिथलला गेलो की त्या माछी भाईंकडे देतो, ते मणी निवडून परत जाळ्याला ओवतात.